फुग्याच्या बाह्या

आमच्या मानवतच्या गल्लीत सुलोचनाअक्का ब्लाऊज शिवते. टेप हातात घेण्याआधी ती बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि विचारते, "तुमी रुसणारी का सोसणारी?"

प्रेमाच्या कादंबरीत नायिका या दोनच तऱ्हेच्या असतात, असं तिचं म्हणणं. रुसणारीला पाठ खोल, मागे नाडी, नाडीला गोंडे. सोसणारीला गळा बंद आणि बाही कोपरापर्यंत. एकदा वकिलीणबाई चिडून म्हणाल्या, "मी कुणीच नाही. मला साधं शिवा."

"मंग तुमी रुसणारीच," अक्का म्हणाली. गोंडे लागले.

ती एवढ्या कादंबऱ्या कधी वाचते, हा मला पहिल्यापासून संशय. तिच्या मशीनच्या खणात खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एकच पुस्तक. त्याला कुणी हात लावला की खण खाडकन बंद. एका मास्तरीणबाईंना तिने नायिकेसारखे आमसुली काठ लावायचं कबूल केलं. आमच्याकडे वरणात चिंच. आमसूल कुणी पाहिलंय? अक्का किराणा दुकानातून पुडी घेऊन आली आणि त्या रंगाचं कापड शोधत बाजारभर फिरली. पुडीत आमचूर होतं. काठ धुळीच्या रंगाचे झाले.

"अहो, आमसुली म्हणजे जांभळट लाल!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"ती नायिका तुमी बघितली का? मी बघितली."

मी मनात म्हटलं, जिने पुस्तकात 'आमसुली' वाचलं, ती दुकानात 'आमचूर' कसं मागेल? मी चौथीच शिकले, पण हे दोन शब्द मलासुद्धा वेगळे दिसतात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढे भाचीचं लग्न निघालं, राणीसावरगावला. मला चारचौघांत कुणी नुसतं पाहिलं तरी घाम फुटतो. म्हणून कापड देताना तीनदा बजावलं, "अक्का, साधं. कुणाची नजर जायला नको."

"वैनी, तुमी सोसणारी. पण तुमाला एकदा रुसून बघायला काय हरकत हाय?"

तेव्हापासून माझी झोप उडाली. चार दिवसांनी गेले तर म्हणाली, "काज राहिलेत." परत गेले तर म्हणाली, "हुक संपलेत." दर वेळी चहा, दर वेळी बसवून घ्यायची आणि मध्येच विचारायची, "वैनी, चौथीत जोडाक्षरं असतात का वो?" माझ्या शिक्षणाची ही टिंगल करते, गल्लीत सांगते, असं मला वाटायचं. मी चहा अर्धा सोडून उठायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी न सांगता आत शिरले. ब्लाऊज खुंटीला लटकत होता. काज, हुक, इस्त्री, सगळं झालेलं. आणि बाह्यांना हे एवढाले फुगे!

"हे तयार हाय की! मंग मला कशाला पळवायलाव?"

अक्काने खण उघडला. खाकी कव्हरचं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. उलटं.

"तुमी येत ऱ्हावं म्हणून," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, वैनी. मी मशीन चालवायची अन् आमचे हे शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे. लय पुस्तकं वाचली. हे शेवटचं. नायिकेच्या लग्नाचा दिवस आला, तिनं पेटी उघडली, अन् ह्यांचं दुखणं निघालं. त्यातच गेले. ती काय घालून बाहेर आली, ते ऱ्हायलंच. दुसऱ्या कुणाला विचारलं तर गावभर होईल. तुमी बोलत न्हाई कुणाला." मग तिने कात्री उचलली. "तेवढं वाचा. लगेच फुगे उसवून देते. शबूद हाय माझा."

पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. तिने पेटी उघडली. आईची आठवण काढून ती रडली. आणि पुढे लिहिलं होतं, 'थोड्या वेळाने ती तयार होऊन बाहेर आली.' बस. खाली लगेच वरात.

मी पान उलटलं, पुन्हा मागे आले. कपड्याचा एक शब्द नव्हता. अक्का कात्री मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी वाचू लागले, "तिने... हिरवा ब्लाऊज घातला. त्याला... फुग्याच्या बाह्या होत्या."

"अन् पाठीला?"

"पाठीला... कापड मढवलेली बटणं. सात."

"गळा?"

"गळा... गोल. कडेला बारीक पायपिंग."

अक्काने माझ्या नजरेमागे मान वळवली. मग संशयाने म्हणाली, "वैनी, पुस्तक तर खाली हाय. तुमी खुंटीकडं कशाला बघायलाव?"

माझे कान तापले. मी पुस्तक मिटलं.

तिने डोळ्यांना पदर लावला. कात्री उचलली आणि बाहीच्या फुग्याजवळ नेऊन थांबली.

"उसवू?"

"नको," मी म्हणाले.