बटेरांचे आचारी

रंगनाथआबा बटेरांचं खाद्य आधी स्वतः खाऊन बघतात. चिमूटभर नव्हे, मूठभर. डोळे मिटून, म्हशीसारखं रवंथ करत. मग निकाल देतात, "मीठ कमी हाय." पाखरांना मिठाचं एवढं काय, असं विचारायची सोय नाही. "तू खाल्लंस का बे? न्हाई ना? मंग गप."

दुष्काळात मका आमच्या बटेरपालन सोसायटीच्या आवाक्याबाहेर गेला. मग वाढत्या पाखरांना ताकद कशातून मिळणार? सोसायटीचा सचिव म्हणून माझ्याकडे सरळ उत्तर होतं, पाटोद्याला तहसीलवर मोर्चा. 'मका आमच्या हक्काचा!' अशी पत्रकं छापली. आबांनी त्यातच भाजलेले चिंचोके बांधून आणले. "कागद लई जाड हाय तुजा. कामाचा हाय."

मोर्चाच्या दिवशी हा माणूस वेड्या बाभळीखाली शेंगा वेचत बसला! शेंगांचं पीठ, चिंचोक्याचा भरडा आणि वर साखर कारखान्याची मळी. पहिल्या खेपेला मळी इतकी ओतली की पाखरांना हगवण लागली. आबांनाही लागली. तरी परसाकडून येता येता म्हणतात, "परमाण चुकलं. माल न्हाई चुकला."

असल्या एकट्यादुकट्या उपद्व्यापांमुळेच सरकारचं फावतं, हे मी सभेत ठणकावून सांगितलं. सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि आबांचंच खाद्य चालू ठेवायचा ठराव केला. माझं निवेदन तहसीलात पडून राहिलं. मका काही आला नाही.

पाखरं मात्र भरली. व्यापारी टेम्पो घेऊन आबांच्या दारातल्या शेडवर आला. हा माल गेला तरच सोसायटी तगणार होती. आणि आबा दारात आडवे! "कच्ची हायेत आजून. धा-पंधरा दिस थांबा."

मी पाखरू उचलून काट्यावर ठेवलं. वजन चोख. माझं डोकंच फिरलं.

"आबा, खोटं कावून बोलता? सोसायटी बुडवायचीय का?"

आबा खाली बघत म्हणाले, "गल्ली बघ जरा."

बघितली. प्रत्येक दाराला कुलूप. सगळे ऊसतोडीला गेलेले. आबांचा लेक, सून, नातवंडंसुद्धा.

"सकाळच्याला ही पाखरंच तेवढी बोलत्यात बे."

मी काट्यावरचं पाखरू परत पिंजऱ्यात ठेवलं. मग आबांनीच एकेक पिंजरा उचलून टेम्पोत ठेवला. ड्रायव्हरला दम भरला, "खड्ड्यातून हळू ने. भित्यात ती."

टेम्पो गेला. शेडमध्ये नुसता भुसा उडत होता.

"नवी पिल्लं कवा आणतूस?"

"सभेत ठराव झाला की."

"ठराव मागनं कर. आदी पिल्लं आण."

मी चपला घातल्या. एरवी मला उंबऱ्यावरूनच पिटाळणारे आबा घोंगडी झटकत म्हणाले, "बस की. एवढ्यात कावून निघालास?"