शिसे ओतलेल्या बंदुकीची फत्ते

श्रीभैरी प्रसन्न.

सज्जनहो, पूर्वी थोरथोरांनी गड घेतले, मुलूख मारिले आणि लिहिणारांनी ते लिहोन ठेविले. परंतु रत्नागिरीच्या खालच्या आळीत राजमान्य राजेश्री हरिश्चंद्रपंत सोहोनी, मीठखात्यातील पेन्शनर कारकून, यांनी एक बंदूक संपादिली, तो पराक्रम कोणी लिहिला नाही, कारण कोणी विचारिलेच नाही. आम्ही शेजारी, विचारल्याविना सर्व ठाऊक असणारे, म्हणोन हे धाडस केले. शके १८४७, क्रोधननाम संवत्सरे, चैत्रमासी आंबे पाडास लागले, तेसमयीचे हे वर्तमान.

पंतांस शस्त्रांचा षौक फार. तीस वर्षे मीठ जोखिले, हाती तराजूवाचोन काही धरिले नाही, तो सल पोटात होता. त्यांचे शस्त्रागारी तलवार एक, जी म्यानातून निघत नसे. ढाल एक, कसर लागलेली. आणि तोफेचा गोळा एक, जो त्यांच्या कुटुंब आनंदीबाईसाहेब उन्हात घातलेल्या आंब्याच्या साठांवरील फडके उडू नये म्हणोन ठेवीत. ऐशा वैभवात उणे ते एकच, की जर्मनाच्या लढाईतील बंदूक नव्हती. आळीतील लोक संग्रह पाहोन "मोडीत घालायचं आहे का हो?" ऐसे पुसत, आणि पंत ते दिवशी दोन घास कमी जेवीत.

इतक्यात मुंबईहून एका सौदागराचा खलिता आला की, महायुद्ध सरले, सरकारची हत्यारे ढिगांनी उरली, ती नळीत शिसे ओतोन निकामी करोन षौकिनांस विकणे आहेत. गोळी सुटणार नाही, शोभा मात्र कायम. पंतांनी खलिता देवापाशी ठेविला आणि मुहूर्त पाहिला आणि मग खासा स्वारीनिशी परवान्याच्या कचेरीवर चाल केली.

तो गड अवघड. अर्जात कारणाचे रकाने दोनच, स्वसंरक्षण आणि पीकसंरक्षण. संग्रह हा रकाना नव्हता. पंतांनी अर्ज केला की बंदूक उडतच नाही. फर्मान जाहले की, उडो अथवा न उडो, रकाना भरणे. आता स्वसंरक्षण लिहावे तर शत्रू दाखविणे आले, आणि कोणी वैर धरावे इतकी पंतांची मातबरी नव्हती. मग परसातील तीन हापूस कलमे स्मरोन त्यांनी पीकसंरक्षण लिहिले आणि शत्रू म्हणोन वानरे नमूद केली. त्यावर कचेरीच्या कारकुनाने शेरा मारिला की, बंदूक आलियावर जागेवर तपासणी होईल. वानरे हटली तर परवाना कायम, न हटली तर बंदूक जप्त. शिसे भरलेली बंदूक वानरे कैसी हटविणार, हे कचेरीत कोणास सुचले नाही. पंतांस सुचले, परंतु शिक्का बसल्यावर.

वैशाखात आगबोट भगवती बंदरी लागली. लांबट पेटी पाहोन, आगबोटीवरील माल किनारी नेणाऱ्या पडावावरील खलाशी बाबल्या अडोन बैसला. "मढं आमच्या पडावात नको, आदीच सांगतंय!" तेव्हा पंतांनी भैरीची आण घेतली आणि पेटी वाजवोन दाखविली आणि मगच ती किनारी आली. घरी आनंदीबाईसाहेबांनी उंबऱ्यावर नाकेबंदी करोन पेटीवर तुळशीचे पाणी शिंपडिले आणि हुकूम सोडिला, "मारुतीच्या जातीवर ही रोखलीत ना, तर मी निघाले माहेरी मुरुडास. मग बसा बंदुकीच्या हातचं जेवत!" ऐसे पंतांस इकडे आड तिकडे विहीर जाहले. न रोखावी तर बंदूक जाते, रोखावी तर कुटुंब जाते.

तपासणी नेमकी शनिवारी आली, म्हणजे मारुतीचा वार. कारकून ओटीवर बैसोन कोकमाचे सरबत प्याले. कलमांवर वानरसेना चाळीस. पंत कोट, पगडी लेऊन परसात उतरले आणि बंदूक उचलिली आणि दारातून आनंदीबाईसाहेब पाहतात हे जाणोन ती आभाळावर रोखिली. वानरांनी क्षणभर पाहिले. मग त्यांच्या म्होरक्याने अर्धा खाल्लेला आंबा पगडीवर नेमका मारिला. कारकुनाने जप्ती लिहावयास टाक काढिला. पंतांस सर्वांदेखत रडू कोसळले, ते आम्ही लपवीत नाही.

शेजारच्या बागेचा रखवालदार सखाराम, एका पायाने अधू, दिवसभर पत्र्याचा डबा बडवोन वानरे हाकी. आपण जर्मनाच्या लढाईत पलटणीबरोबर दर्यापार बसऱ्यास लढलो ऐसे तो सांगे आणि आळीत कोणी खरे मानीत नसे. पंतही मानीत नसत. तो हे पाहोन कुंपणाचा दगडी गडगा चढोन आला.

"अशी धरत्यात काय पंतानू? आना हिकडं."

बंदूक खांद्यास लागताच त्याची पाठ ताठ जाहली, लंगडणे कोठे गेले कळेना, आणि त्याने पलटणीतील हुकूम ऐसा फोडिला आणि अधू पाय ऐसा आपटिला की वानरे, कावळे आणि शेजारची मांजर एकदम गडग्यापार जाहली. कारकून ताडकन उभे राहिले, का ते त्यांसही उमगले नाही, आणि उभ्यानेच परवान्यावर शिक्का मारिला.

गर्दी पांगली तरी सखाराम बंदूक देईना. त्याचा अंगठा आपसूक दस्त्याच्या तळाशी गेला, तेथील पितळी झाकण उघडिले, आणि आतून बंदुकीस द्यावयाच्या तेलाची इवली बाटली निघाली, अर्धी भरलेली.

"नीट राखली व्हती हो हिच्या शिपायानं," सखाराम बोलिला. मग पुसिले, "पंतानू, हिचा गडी घरी पोचला का नाय, ता पावतीवर लिवलेला हाय काय?"

पंतांनी पावती दोनदा वाचिली. नंबर होता, वजन होते, लांबी होती. ते नव्हते.

मग पंतांनी सखारामास ओटीवर आपले शेजारी बैसविले आणि बसऱ्याची हकिकत प्रथमच पुरती ऐकिली आणि सरबत पुनः मागविले. आणि संग्रहाची वही काढिली, जीत प्रत्येक शस्त्रापुढे मालकाचे रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात आपले नाव घातले होते.

येणेप्रमाणे वानरांची शिकस्त जाहली, परवाना कायम जाहला, आनंदीबाईसाहेब मुरुडास गेल्या नाहीत, आणि फत्ते दप्तरी नोंदिली असे. वानरे रविवारी परत आली, ते लिहिण्याचे कारण नाही. वहीत बंदुकीच्या नोंदीपुढे मात्र पंतांनी बुडविलेला टाक पुनः दौतीत ठेविला. मालकाचा रकाना अद्याप कोरा आहे.