हाक फिरते, नामंजूर

आमच्या सोनवणे साहेबांना पहिल्या हाकेला ओ देताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या हाकेलाही नाही. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत "साहेब" म्हणा, ते शांतपणे तुमच्याकडे बघत राहत. पुन्हा "साहेब" म्हणा, पापणीसुद्धा लवत नसे. तिसऱ्यांदा म्हटलं की एकदम माणसात येत आणि म्हणत, "हां, बोला मॅडम." नवीन माणसाला वाटायचं, साहेबांना कमी ऐकू येतं. पण पलीकडच्या खोलीत शिपायाने बिस्किटाचा पुडा फोडला तरी साहेब इकडून सांगायचे, "मलाही दोन आण."

फोनचंही तेच. पहिले दोन वाजून वाजून बंद पडू द्यायचे आणि तिसरा उचलायचा. मुंबईहून वरच्या साहेबांचा फोन असला तरी नियम तोच. तिसऱ्या वेळेपर्यंत वरचे साहेब इतके तापलेले असत की बिचारे काय बोलायचं तेच विसरत.

दुसऱ्याला बोलावतानाही ते तीनदाच बोलावत. मी पहिल्या "पाटील मॅडम"लाच "हो साहेब" म्हणायची, तरी उरलेल्या दोन हाका पूर्ण होत. एकदा मला म्हणाले, "पहिल्या हाकेला ओ का देता? कोण बोलावतंय ते तरी आधी बघा."

"साहेब, तुम्हीच तर समोर बसलाय."

"मीच आहे, हे तुम्हाला काय माहीत?"

असं म्हणून ते डबा उघडून भाकरी खाऊ लागले. मी मात्र माझी खुर्ची थोडी मागे सरकवली. मी धुळ्याची, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणजे भीती वाटत नाही असं थोडंच आहे?

आमचं ऑफिस जळगावात, एका भाड्याच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. नाव मोठं, 'सातपुडा वनभ्रमण व संवर्धन निधी', आणि माणसं इनमिन आठ. लोकांनी डोंगरात जावं, फिरावं, तंबू ठोकून राहावं आणि तरीही डोंगर शिल्लक राहावा, यासाठी सरकारी पैसा द्यायचा, हे आमचं काम. कुठे पायवाट, कुठे कठडा, कुठे जनावरांसाठी पाणवठा, कुठे जुन्या झाडाभोवती पार. सोनवणे साहेब या सगळ्याचे प्रमुख आणि मी प्रशासन अधिकारी, म्हणजे साहेब जे करतात त्याचं कागदावर शहाण्यासारखं दिसेल असं कारण शोधणारी.

आणि कारण शोधणं सोपं नव्हतं. साहेब जागेची पाहणी कशी करत ते ऐका. उन्हं उतरल्याशिवाय जायचंच नाही. गेल्यावर नकाशा बघायचा नाही, इंजिनिअरचं ऐकायचं नाही. चपला काढून सरळ कड्यापाशी जाऊन उभं राहायचं, हाताचा कर्णा करायचा आणि दरीत हाक मारायची, "हौसेऽऽ". थांबायचं. पुन्हा "हौसेऽऽ". पुन्हा थांबायचं. तिसरी हाक मारून झाली की मान एका बाजूला कलती करून इतका वेळ ऐकत राहायचे की आमच्या ड्रायव्हरला घाम फुटायचा. मग वळून निकाल सांगायचे. "हाक जाते, मंजूर." नाहीतर, "हाक फिरते, नामंजूर."

हाक फिरते म्हणजे प्रतिध्वनी येतो. जिथे डोंगर हाकेला उलट बोलतो, तिथे साहेब दमडी देत नसत. लोक तर प्रतिध्वनीच ऐकायला डोंगरावर जातात. मी एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "फिरणारी हाक माणसाला फसवते, मॅडम. हरवलेलं माणूस एकीकडे असतं आणि हाक दुसरीकडून येते." मी कागदावर लिहिलं, 'सुरक्षेच्या दृष्टीने जागा अयोग्य'.

राहिला प्रश्न हौसेचा. साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं. एका खोलीत एकटे राहत आणि स्वतःची भाकरी स्वतः थापत. मग ही हौसा कोण, यावर ऑफिसात दुपारच्या चहाला रोज चर्चा चाले. आमच्या टायपिस्टच्या मते कॉलेजातलं प्रेमप्रकरण. शिपायाच्या मते एखादी देवी. ड्रायव्हर एकदा फक्त एवढंच म्हणाला, "मॅडम, साहेब हाक मारतस ना, तवय मी मागे देखत नही."

हळूहळू मलाही साहेबांची ती तिसऱ्या हाकेची खोड लागली. एकदा दिवेलागणीला खोलीवर भाजी चिरत बसले होते. जिन्यातून हाक आली, "पाटील मॅडम." घरमालकीणच असणार. पण मी तोंड उघडलं नाही. पुन्हा आली, "पाटील मॅडम." विळी बाजूला ठेवून मी तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ती आलीच नाही. दार उघडलं तर जिना मोकळा, आणि घरमालकीण सकाळपासून बोदवडला लेकीकडे गेलेली. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. साहेबांना तर नाहीच, कारण ते "बघा" म्हणाले असते.

साहेबांच्या निवृत्तीला महिना राहिला आणि चोपड्याच्या वरच्या अंगाला एका कड्याचा प्रस्ताव पुन्हा आला. 'पुन्हा' म्हणते, कारण तो दर वर्षी येई आणि दर वर्षी साहेब "पुढच्या वर्षी बघू" म्हणत. एवढ्या जागा ते पायी तुडवून आले, पण त्या कड्यावर कधी गेले नाहीत. तिथे प्रतिध्वनी असा की एक शिंक दिली तर डोंगर भरून शिंकतो. सगळ्यांना तिथे एको पॉइंट हवा होता. सगळ्यांत जास्त हवा होता भूषणभाऊला.

भूषणभाऊ जामनेरचा ठेकेदार. पांढरा शर्ट, पांढरी गाडी आणि तोंडात कायम "टेन्शन नही घेवानं". पण साहेबांच्या हाकेने त्याची दोन कामं बुडालेली, त्यामुळे या वेळी त्याने डोकं चालवलं होतं. काय चालवलं ते आम्हाला वर गेल्यावर कळलं.

या वेळी साहेब "पुढच्या वर्षी" म्हणू शकत नव्हते. "जाऊ," म्हणाले, आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

आम्ही कड्यावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. वस्तीवरचे एक म्हातारे आबा मोहाच्या झाडाखाली बसले होते. साहेबांनी लांबूनच त्यांना हात जोडले, चपला काढल्या आणि ते कड्याकडे निघाले. एरवी झपझप चालणारा माणूस, आज पाय घासत चालला होता.

आबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "लोटन ना हाऊ? हौशीना भाऊ?"

मी चमकले. साहेबांचं नाव लोटन. "आबा, हौशी कोण?"

"त्यानी धाकली बहीन. दोन्ही टेंभरं, टेंभुर्णीना फळं, येचाले उनथात आठे. लहान लहान व्हतात. दिन बुडना, पोर दिसे नही. त्यानी हाक मारी. डोंगर बोलना. दुसरी मारी. डोंगर पुन्हा बोलना, त्या जेवना आंगथून." आबांनी उजव्या कड्याकडे बोट केलं. " त्याले वाटनं, बहीन तठे शे. पळत सुटना तिकडे."

"आणि ती?"

"ती डावा आंगले व्हती. त्या खडकमांगे. टोपली तठेच भेटनी, टेंभरं नीट भरेल." आबांनी हाताने खडक दाखवला. "आमनाकडे पोरेसले सांगतस, जंगलमा तिसरी हाक व्हवाशिवाय ओ देऊ नही. जे माणूस नही, ते दोनच हाका मारस. लोटननीच शिकाडेल व्हतं तिले. ती बठनी तिसरी हाकनी वाट देखत. पोर मंग भेटनीच नही."

मला एकदम रडूच आलं. एवढी वर्षं आम्ही चहाबरोबर त्या पोरीची थट्टा चघळली होती. या माणसाने साऱ्या सातपुड्याला तीन तीन हाका मारल्या होत्या, आणि जिथे तिसरी द्यायची राहिली होती तिथे यायला त्याचे पाय धजले नव्हते.

माझ्या शेजारी भूषणभाऊ उभा होता. त्याचा चेहरा शर्टाहून पांढरा झाला होता.

"मॅडम," तो पुटपुटला, "मोठा घोटाळा व्हयना. मी एक बाई बसाडी ठेयेल शे."

"कशाला?"

"ओ देवाले. तिसरी हाकले. म्हंजे साहेबले वाटी, हाक माणूसपर्यंत पोचस. मंजूर करतीन."

"कुठे बसवलीय?"

त्याने बोट दाखवलं. डावीकडे, त्याच खडकामागे. तिथे सावली होती म्हणून, असं तो म्हणाला. फोनला रेंज नव्हती, आणि खडकाकडे जायची वाट साहेबांच्या पुढ्यातूनच होती.

तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. "हौसेऽऽ". उजव्या कड्यातून ती जशीच्या तशी परत आली, "हौसेऽऽ". दुसरी मारली. तीही फिरली. समोर माणूस नसताना माणसाचा आवाज यावा, आणि तो आपल्याच साहेबांचा असावा, हे ऐकून माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मग सगळं थांबलं. साहेब नुसते उभे राहिले. तिसरी हाक निघेना.

मी पुढे धावले. "साहेब," म्हटलं. त्यांनी ओ दिली नाही. "साहेब," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी ओ दिली नाही. त्यांचा नियम मला माहीत होता, मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांनी हाक मारली. ती दरवेळेसारखी मोठी नव्हती. लहान मुलाने घाबरून मारावी तशी होती.

"हौसे."

"ओ, भाऊ."

खडकामागून बाईचा आवाज आला, बारीक आणि स्वच्छ. मागोमाग उजवा डोंगरही म्हणाला, "ओ, भाऊ." बाई बसवलेली आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन पावलं मागे सरले.

साहेब हलले नाहीत. आमच्याशी कधी न बोललेल्या बोलीत त्यांनी विचारलं, "कोठे शे तू?"

बाईला याचं उत्तर कोणी पढवलेलं नव्हतं. मग आवाज आला, "आठेच शे, भाऊ."

"भ्याव लागस का?"

"नही."

"मंग घर जाय आते. माय वाट देखी ऱ्हायनी."

"जास, भाऊ."

प्रत्येक उत्तर डोंगर एकदा म्हणून दाखवत होता. शेवटचं "जास, भाऊ" विरून गेलं, तरी साहेब मान कलती करून ऐकत होते. मग वळले, चपला घातल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हाक फिरते. एको पॉइंट नामंजूर." भूषणभाऊने दोन्ही हात जोडले. त्याला काम गेल्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही.

परतताना चोपडा मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "त्या बाईला पाणी दिलं का कोणी? दुपारपासून बसली असेल बिचारी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"वर चढताना तिचा डबा दिसला खडकाशी."

"मग बोललात कशाला तिच्याशी?"

ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर केळीच्या बागा काळ्या पडत चालल्या होत्या. "ओ दिली ना तिने," ते म्हणाले. "आजवर कोणी दिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी मीच भूषणभाऊला बोलावून झाप झाप झापलं. तो म्हणाला, "मॅडम, मी तिले एवढंच सांगेल व्हतं, ओ म्हन आनि गप बस. ती म्हने, हाकच अशी व्हती, बोलनंच पडनं."

साहेबांनी मंजूर केलेलं शेवटचं काम त्याच कड्याचं. एको पॉइंट नाही, फक्त वस्तीपर्यंत पायवाट आणि पगारावर दोन बाया. पहिली जागा त्या खडकामागच्या बाईला. काम एकच, दिवस मावळेपर्यंत डोंगरात कुणी हाक मारली तर ओ द्यायची, आणि जाऊन माणूस घेऊन यायचं.

"पदाचं नाव काय लिहू, साहेब? साहेब? साहेब?"

"ओ देणारी."

मी 'मार्ग सहायक' असं लिहिलं. वरून काही शंका आली नाही.

निरोप समारंभाला सूत्रसंचालन आमच्या टायपिस्टकडे होतं. साहेबांना स्टेजवर बोलावताना नाव तीनदा घ्यायचं, घाई करायची नाही, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. तिने पहिल्यांदा नाव घेतलं आणि दुसऱ्यासाठी श्वास घेतला.

"ओ," साहेब म्हणाले आणि उठून पायऱ्या चढू लागले. ती माईक धरून तशीच उभी राहिली.