भात लागला आणि प्रार्थना लांबली

मला स्वयंपाक येतो. करत नाही, ही गोष्ट वेगळी. ज्याला गाडीचा क्लच कळतो त्याला शेगडी कळायला कितीसा वेळ लागणार, हे माझं जुनं मत आहे आणि ते मी आमच्या हिला वेळोवेळी ऐकवत आलो आहे. ती इस्पितळात परिचारिका आहे. माणसं भ्रमात काहीबाही बोलतात, ते शांतपणे ऐकून घ्यायची तिला सवय आहे.

मी मोटार चालवायला शिकवतो. म्हणजे शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याने काय करावं ते सांगतो. मी चर्चच्या पंचमंडळात निवडून आलो तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला काही नवीन शिकावं लागणार नाही." पंचमंडळ म्हणजे चर्चचा कारभार बघणारी मंडळी. सगळे पुरुष. माझे आजोबा पंच होते, वडील पंच होते, मी मात्र केस पिकेपर्यंत नुसता मतदार राहिलो. त्यामुळे जागा मिळाल्याबरोबर मी नवा कोट शिवला. खोटं कशाला बोलू, बैठकीला मी मुद्दाम बाजारातून वळसा घालून जायचो, म्हणजे चार लोक विचारतील, "काय, बैठक वाटतं?"

एवढ्यात महिला मंडळाने मागणी केली की पंचमंडळात दोन जागा बायकांना द्या. महिला मंडळाची अध्यक्ष कोण? आमची हीच. घरात अवाक्षर काढलं नाही आणि भर सभेत उठून म्हणाली, "चर्चचं निम्म्याहून जास्त काम आम्ही करतो. निर्णय मात्र तुम्ही घेता, आणि तेव्हा आम्ही चहा आणून देतो."

सगळे पंच छताकडे बघू लागले. कोणीतरी पुरुषांची बाजू मांडायला हवी होती. मी उठलो. माझा कोटही उठून दिसत होता.

"येत्या रविवारी उपासनेपासून प्रीतिभोजनापर्यंत सगळं पुरुष करतील," मी म्हणालो. उपासनेनंतर सगळी मंडळी एकत्र जेवते, त्याला आमच्याकडे प्रीतिभोजन म्हणतात. "एकाही बाईला बाकावरून उठावं लागलं, तर मी माझी जागा सोडेन."

"कोणासाठी?" पहिल्या बाकावरून सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या मुलीसाठी," मी म्हणालो.

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी त्याहून जोरात वाजवल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुरुष कामं वाटून घ्यायला बसलो. शास्त्रवाचन कोण करणार? हात वर. अर्पणाची तबकं कोण फिरवणार? हात वर. दारात उभं राहून हसतमुखाने स्वागत? एका हसतमुखासाठी चौघं भांडले. गायनपथकात तर सगळेच. मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे सगळ्या मंडळीच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं, ती मी स्वतःकडे घेतली.

"आणि भाताकडे कोण बघणार?" आमच्या वायरमनने विचारलं. त्याची उंची अशी की पंखा बसवायला त्याला शिडी लागत नाही, म्हणून त्याला सगळे लांबूच म्हणतात.

वर गेलेले सगळे हात खाली आले.

"ते आपण सगळे मिळून बघू," खजिनदार म्हणाले. हा ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यांनी मिळून बघायचं काम म्हणजे कोणीच न बघायचं काम, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कसं असणार? आम्ही आजवर कुठलंच काम बघितलं नव्हतं.

कोंबडी खजिनदारांनी बाहेरून शिजवून आणवली. तशी आणू नये असं मी सभेत कुठे म्हटलं होतं? राहिला भात. रविवारी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही सर्वांत मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. माणशी दोन मुठी तांदूळ, असं लांबू म्हणाला. कोणाच्या मुठी, हे ठरलं नव्हतं. लांबूने स्वतःच्याच मुठीने मोजले आणि त्याचा पंजा म्हणजे फावडं. शेगडी पेटवली, झाकण ठेवलं आणि कोट चढवून आम्ही उपासनेला गेलो.

उपासना काय रंगली म्हणता! आमच्याकडे पुरुष उजवीकडच्या बाकांवर बसतात आणि बायका डावीकडच्या. त्या दिवशी बायका हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. गायनपथकाकडे सूर एकच होता, तो आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला. शास्त्रवाचन तिघांनी केलं, कारण कोणी मागे हटेना. मग माझी पाळी आली.

मी व्यासपीठावर चढलो. तिथून बाजूच्या खिडकीतून स्वयंपाकघर सरळ दिसतं. बाकांवरून दिसत नाही. मी पाहिलं, तर पातेल्यावरचं झाकण हळूहळू वर येत होतं. त्याच्याखालून भात चारी बाजूंनी बाहेर पडत होता आणि शेगडीजवळून काळसर धूर निघत होता. स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं. मी उजवीकडच्या बाकांवर नजर फिरवली. सगळे पुरुष हजर. प्रत्येकाचा चेहरा निवांत, कारण दुसरा कोणीतरी भाताकडे बघतो आहे याची प्रत्येकाला खात्री होती.

डोळ्यांपुढे कोट दिसला, वळसा घातलेला बाजार दिसला, वडिलांचा फोटो दिसला. आता काय करायचं? माईकवरून "भात जळतोय" म्हणावं, तर बायका उठणार. बायका उठल्या की मी बसलो. मग एकदम सुचलं. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात!

"आपण डोळे मिटू या," मी म्हणालो. सगळ्यांनी मिटले. मी एक किलकिला ठेवला.

"हे दयाळू पित्या, झोपलेल्या सेवकांना जागं कर."

"आमेन," पुरुष म्हणाले.

"विशेषतः जो उंच आहे आणि दाराजवळच्या बाकावर बसला आहे, त्याला."

"आमेन," लांबू म्हणाला. त्याचा आवाज दाटून आला होता. त्याच्यासाठी इतकी नेमकी प्रार्थना आजवर कोणी केली नव्हती.

"त्याला उठव, प्रभू. आत्ताच्या आत्ता उठव. जिथे धूर आहे, जिथे ज्वाला आहे, तिथे त्याला पाठव."

"हालेलूया," लांबू म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभे असलेले पाळकसाहेब खाकरले. पंच असून प्रार्थनेत एक डोळा उघडा! मी तोही गच्च मिटून घेतला. आणि मग ऐकू आलं. कुठलंसं बाक कुरकुरलं. हलकी पावलं वाजली. लांबूला कळलं होतं तर! माझा ऊर भरून आला.

"जे उतू जात आहे ते आवर, प्रभू," मी जोरात म्हणालो. "आच मंद कर."

आतून शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला. माझी प्रार्थना इतक्या तातडीने कधीच ऐकली गेली नव्हती.

"वरचं वरचं वाचव. जे खाली जळून गेलं आहे त्याला डाव लावू नकोस, नाहीतर सगळ्याला वास लागेल."

"आमेन," पुरुष म्हणाले. त्यांना ते फार खोल वाटलं असावं.

आणखी बाकं कुरकुरली. आणखी पावलं. वा रे पठ्ठ्यांनो! पण त्यांना वेळ मिळायला हवा होता. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी मागितलं. माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्यांसाठी एकेक करून मागितलं. एकाने मागच्या आठवड्यात विजेच्या खांबाला गाडी घातली होती, त्याच्यासाठी मागितलं आणि खांबासाठीही मागितलं. आत ताटं वाजत होती, सुरी चालत होती. माझी जीभ टाळूला चिकटली. शेवटी आतले आवाज थांबले, जळका वासही विरला, तेव्हा मी "आमेन" म्हणालो आणि विजयी वीरासारखे डोळे उघडले.

उजवीकडच्या बाकांवर सगळे पुरुष होते. एकही कमी नव्हता. लांबू गुडघ्यांवर बसून डोळे पुसत होता.

डावीकडची बाकं रिकामी होती.

फक्त सासूबाई तेवढ्या बसल्या होत्या. "माझे गुडघे धरलेत," त्या म्हणाल्या, "नाहीतर मीही गेले असते."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाह्या वर सारून आमची ही उभी होती. "या," ती म्हणाली, "पानं मांडलीत."

मी शेवटचा प्रयत्न केला. "बायका उठल्या हे पाहिलं कोणी? सगळ्यांचे डोळे तर मिटलेले होते."

"मी पाहिलं," पाळकसाहेब म्हणाले. "मेंढपाळाने डोळे मिटले तर कळप कुठे जाईल?"

"मग मला थांबवलं का नाही?"

"भूक लागली होती," ते म्हणाले.

जेवताना हिने मला बाजूला घेतलं. "अहो, सभेत माणूस बोलून जातो. तुमची जागा तुम्ही ठेवा. आम्हाला आमच्या दोन मिळतील तेव्हा मिळतील."

मला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं. मी मान डोलावणार, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या ताटाकडे गेलं. माझ्या ताटात पांढराशुभ्र, मोकळा भात होता. सगळ्या पुरुषांच्या ताटात तसाच होता. तिच्या आणि बाकीच्या बायकांच्या ताटात पातेल्याच्या तळाचा होता, तपकिरी, करपलेला. त्यांनी तो न बोलता वाटून घेतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचं ताट माझ्याकडे ओढलं आणि माझं तिच्यापुढे सरकवलं.

"शब्द दिलाय," मी म्हणालो. "जागा तुझी." तो भात इतका कडू होता की डोळ्यांत पाणी कशामुळे आलं, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

पंचमंडळाच्या पुढच्या बैठकीला ही ड्यूटीवरून परस्पर गेली. नवा कोट नाही, वळसा नाही. मी घरी मोरीत बसून चर्चचं पातेलं घासत होतो. तळ इतका काळा झाला होता की राख, वाळू, तारेची घासणी, सगळं हरलं होतं. ती आल्याआल्या मी विचारलं, "काय ठरलं?"

"सांगता येत नाही," चप्पल काढत ती म्हणाली. "पंचमंडळाचं बोलणं बाहेर काढायचं नसतं."

"निदान माझा विषय तरी निघाला?"

"निघाला की. बराच वेळ तुमच्यावरच बोलत होते."

मी घासणी खाली ठेवली आणि ताठ बसलो. म्हटलं, माणसाची किंमत तो गेल्यावरच कळते. "काय म्हणत होते?"

"पातेलं परत कधी मिळेल, विचारत होते."