नायिका मारणारे मेश्रामभाऊ

मेश्रामभाऊंच्या कादंबरीत नायिका चाळिसाव्या पानापुढे कधी जगली नाही. एक हेलिकॉप्टरमधून पडली, एक आमदार निवासाच्या लिफ्टमध्ये गुदमरली. एकीला तर त्यांनी साध्या हिवतापानं मारलं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी त्या कादंबऱ्या छापणाऱ्या चंद्रपूरच्या छापखान्यात प्रुफं तपासायचो. एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, बिचारीले काऊन मारता?"

"मालकाले कव्हरवर बाई पायजे, म्हनून आनतो. आतमंदी तिचं काय काम?"

भाऊ एटापल्लीला तहसील कचेरीत कारकून. पण बोलणं असं, की राज्याचं सरकार यांच्याच टेबलाखालून चालतं. पंख्याखाली महत्त्वाचं काही बोलायचे नाहीत. "आवाज उडते" म्हणायचे. चहावालासुद्धा 'आपला माणूस' आहे की 'त्यांचा', हे ठरवूनच कप हातात घ्यायचे.

त्यांच्या कादंबरीमालिकेत मंत्र्यांच्या फायली पळायच्या, मुख्यमंत्र्यांवर विषप्रयोग व्हायचे. दर वेळी सरकार वाचवायचे दोघंच: इन्स्पेक्टर अजय आणि त्याचा पत्रकार मित्र रफिक. नायिका मेली की अजय दोन ओळी रडायचा. रफिकला नुसतं खरचटलं, तर पाच पानं.

हस्तलिखित एटापल्लीहून एसटीनं यायचं, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात. आणायचे त्या गाडीचे ड्रायव्हर, चंद्रपूरचे उस्मानभाई. पाकीट ते कधी फोडत नसत, पण छापलेली पहिली प्रत त्यांची. गाडी सुटेपर्यंत स्टेअरिंगवर टेकवून वाचत बसायचे. रफिकही त्यांच्यासारखाच बिनसाखरेचा चहा प्यायचा, डाव्या हातानं कॉलर सारखी करायचा. आम्हाला याची गंमत वाटायची.

बाराव्या भागात रफिकला गोळी लागली. अजयनं मुख्यमंत्र्यांना वाऱ्यावर सोडलं आणि दवाखाना गाठला. रफिकचा हात धरून म्हणाला, "घरचे तुझं लगन लावून राह्यले. नको करू. माझ्यासंगं राहा. मले तुझ्याबिगर कोनी नाई." अकरा भाग पुस्तकी मराठी बोललेला इन्स्पेक्टर त्या एका पानावर आमच्या बोलीत बोलत होता.

ही मैत्री नव्हती, मला कळलं. मालकांनाही कळलं. "दुकानदार गठ्ठे परत पाठवतील," ते म्हणाले. "बदल हे."

भाऊंना विचारायला एटापल्ली लांब होती, मशीन थांबलं होतं, ही कारणं मी नंतर जमवली. खरं म्हणजे मला त्या पानाची लाज वाटली. दहा मिनिटांत मी नवं पान लिहिलं: रफिक बरा होतो, नर्सशी लग्न करतो, अजय हसत आशीर्वाद देतो. वर स्वतःवर खूशही झालो.

पुस्तक निघालं आणि पंधरा दिवसांत उस्मानभाई स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. "घरचे सालभर मागं लागले होते," ते म्हणाले. "मी टाळून राह्यलो होतो. मेश्रामभाऊले पुसलं, काय करू? तर म्हने, माझं म्हननं पुस्तकात वाच. वाचलं. मंग घरी हो म्हनून टाकलं."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "मुबारक" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मेश्रामभाऊ आले. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. ते नेमके पंख्याखाली बसले, कुणी ऐको न ऐको.

"एवढ्या बाया मारल्या मी," ते म्हणाले. "तुम्ही एक जगवली."

"भाऊ, मी आत्ता जाऊन सांगतो त्यांले. ते पान माझं आहे, तुमचं नाई."

"नोका सांगू." ते जायला उठले. मग म्हणाले, "तिकडं मांडव टाकून झाला. त्या पोरीचं काय चुकलं?"

लग्नात ते सकाळपासून पाहुण्यांना पाणी देत फिरत होते. उस्मानभाईंनी दोनदा जेवायला शेजारी बोलावलं. दोन्ही वेळा भाऊ पाण्याचा जग भरून आणायला गेले.

महिन्याभरात त्यांनी थेट आंध्रच्या सीमेवर, सिरोंच्याला बदली मागितली. आपणहून सिरोंचा मागणारा कारकून कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी म्हणे अर्ज दोनदा वाचला. उस्मानभाईंची गाडी त्या बाजूला जात नसे.

तेरावा भाग आला नाही. माफी मागायला मी दोन पत्रं लिहिली. वर्षभरानं एक पोस्टकार्ड आलं. माझ्या माफीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"इथी तेलुगू शिकून राह्यलो. उस्मानले पोरगी झाली म्हन्ते. कोनावर गेली, पाहून कळवा."