उपरणे तोंडावर ओढिले त्याची हकीकत

श्री. जो सर्व पाहतो आणि पापणी मिटीत नाही त्यास नमन असो. आणि पापणी मिटल्यावाचून ज्यांस राहवत नाही, त्या आम्हां सर्वांवर त्याची कृपा असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमीस जे वर्तमान जाहले आणि पुढे तेराव्या दिवसापर्यंत जे जे घडले, ते कोणी पुसिले नसता येथे लिहिले असे. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य मोठे, प्रजा सुखवस्तू, आणि लहानथोर सर्वांचे हाती एकेक हातआरसा असे. या आरशाचा गुण ऐसा की समोरचे दृश्य तो धरून ठेवी, आणि मालकाने बोट लाविले की तेच दृश्य राज्यातील लक्ष आरशांत एकदम उमटे. पहिल्याने प्रजेने त्यात बारशी धरिली, पंगती धरिल्या, नातवंडांचे पहिले पाऊल धरिले. मग पूर आला तो धरिला, आग लागली ती धरिली, आणि मग कोणी रस्त्यात पडला तर हात देण्याआधी आरसा वर करावा, ऐसा परिपाठच पडला. ती चित्रे पाहून कित्येकांस अन्न जाईना, लेकरे आईचा पदर सोडीनात, म्हातारे छातीस हात लावून बसू लागले, आणि तरीही आरसा कोणी खाली ठेवीना.

तेव्हा हुजुरांनी चित्रपाहणीचे दप्तर उभारिले. दप्तरात बारा पाहणीदार बसत. राज्यात उमटणारे प्रत्येक भयंकर चित्र त्यांणी आधी पाहावे, आणि प्रजेने पाहण्याजोगे असेल तर राहू द्यावे, नसेल तर पुसून टाकावे, ऐसे त्यांचे काम. सकाळी मारामाऱ्या आणि अपघात पाहावे, आणि दुपारी त्याच बैठकीवर डबे उघडून एकमेकांस लोणचे वाढावे, ऐसा त्यांचा दिवस जाई. या सर्वांचे मुख्य अंताजीपंत. पंतांनी एकतीस वर्षे चाकरी केली. आरंभी नियम सोपा होता, रक्त दिसले की पुसा. मग एके वर्षी घाटावर दाणे मागणाऱ्या लोकांस एका सरदाराच्या स्वारांनी झोडपिले, आणि त्याचे चित्र उमटताच सरदार स्वतः दप्तरी आले आणि म्हणाले, "पंत, फार भयंकर चित्र आहे. प्रजेचं मन विटेल. काढून टाका." पंतांनी उठून मुजरा केला आणि बोलिले, "सरकार, चित्र भयंकर नाही. आपण केलंत ते भयंकर आहे. चित्र राहील." सरदार लाल होऊन गेले. आणि पंतांनी त्याच दिवशी स्वहस्ते चौदावे कलम लिहिले, ते ऐसे: "प्रसंग सर्वांचा आहे, चेहरा ज्याचा त्याचा. ज्या चित्रात पीडिताचा चेहरा दिसतो ते पुसावे. ज्यात दिसत नाही ते राहू द्यावे, मग पाहणाऱ्याचे मन किती का विटेना." घाटावरच्या चित्रात नुसत्या पाठी दिसत होत्या, म्हणून ते राहिले. या कलमाने घाटावरच्या लोकांस न्याय मिळाला, आणि दप्तराची कीर्ती जाहली.

पंत घरी आले की आधी डोळ्यांवर पाणी मारीत आणि घटकाभर कोणाशी बोलत नसत. पत्नी भागीरथीबाई त्यांस काय पाहिले म्हणून कधी पुसत नसत. कन्या एक, ठकूताई. ती सहा वर्षांची असता पंतांनी तिला जत्रेत चित्रांचा खेळ पाहावयास नेले होते. राक्षसाचे मस्तक उडते ते चित्र येताच पंतांनी डावा हात तिच्या डोळ्यांवर ठेविला आणि म्हणाले, "ठके, झालं की सांगतो हं." आणि ते चित्र जाऊन दुसरे आले तेव्हा हात काढून म्हणाले, "झालं." ताई पुढे मोठी जाहली, पुष्कळ ग्रंथ वाचिले, परंतु कोठेही भय वाटले की तिला तो डावा हात आठवे. त्यास तपकिरीचा वास असे.

पंत चाकरीतून मोकळे होऊन सात महिने जाहले होते. पंचमीस सकाळी भागीरथीबाईंनी सांगितले की, मोरावळा घालायचा आहे, आवळे आणा. पंत उपरणे घेऊन बाजारी गेले, आवळे घेतले, आणि येताना चौकात भरधाव गाडा आला आणि पंतांस उडवून गेला. मार आतला होता, अंगावर जखम दिसेना. घरी आणिले तेव्हा प्राण नव्हता. ठकूताईने आईस सांगितले की, चौकात छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले, क्षणाचाही त्रास जाहला नाही. बाईंनी ते ऐकून एवढेच पुसिले, "कोणी जवळ होतं का?" ताई म्हणाली, "पुष्कळ लोक होते." हे खरे होते. लोक पुष्कळ होते, आणि आरसेही तितकेच होते. संध्याकाळच्या आत ते चित्र राज्यभर उमटले. प्रजा चित्राखाली शेरे लिहू लागली. कोणी हळहळले, कोणी गाडेवाल्यास शिव्या दिल्या, कोणी म्हातारा दारू प्यायला असेल म्हणाला, आणि एकाने लिहिले की चित्र हलते आहे, हात स्थिर ठेवावयास पाहिजे होता. दरबारातही त्याची चर्चा जाहली. कोणी म्हणाले ऐसी चित्रे बंदच करावी, कोणी म्हणाले पाहिल्याविना लोक शहाणे कैसे होतील, आणि बोलता बोलता सर्वांनी ते चित्र पुन्हा एकदा पाहिले.

ठकूताईने मात्र पाहिले नाही. तिने आईचा आरसा उचलून धान्याच्या डब्यात तांदळाखाली पुरिला आणि सांगितले की, बिघडला होता, दुरुस्तीस दिला. त्या दिवसापासून तिच्या जिवास स्वस्थता नाही. समाचारास कोणी आले की ती आधी त्याच्या हाताकडे पाही. कोणी आरसा काढिला की मध्ये चहाचा पेला पुढे करी. आणि आई रोज पुसे, "दुरुस्तीचा आरसा आला का गं?" आणि ताई म्हणे, "सुटा भाग मिळत नाहीये, आई." आणि आई मान हलवी. तेराव्यास गावोगावचे सोयरे येणार, प्रत्येकाचे हाती आरसा असणार, आणि त्यातला एक जरी आईच्या डोळ्यांसमोर गेला तर ती जन्मभर म्हणणार की, मी आवळे आणायला धाडलं नसतं तर. आईने ते पाहू नये, एवढी एकच गोष्ट ताईच्या मनी राहिली, आणि बापाचा शोक करावयासही तिला फुरसत जाहली नाही.

मग नवव्या दिवशी ताई दप्तरी गेली. पंतांच्या जागी निळकंठराव बसत. ते पंतांचे हाताखाली तयार जाहलेले, पंतांस काका म्हणत. ताईस पाहताच उठून उभे राहिले. ताई म्हणाली, "निळूभाऊ, ते चित्र काढा." राव म्हणाले, "ताई, चेहरा दिसत नाही त्यात. चौदावं कलम. काकांच्याच हातचं." ताई म्हणाली, "मग मोडा ते." राव म्हणाले, "मोडलं असतं. पण काका असते तर काय म्हणाले असते सांगू? निळ्या, माणूस बघून कलम वाकवलंस? उद्या सरदाराचा जावई येईल, त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणशील?" आणि हे सांगताना राव पंतांच्या आवाजात बोलिले, आणि दोघांस क्षणभर हसू आले, आणि मग दोघेही खाली पाहू लागली. शेवटी राव म्हणाले, "एक वाट आहे. आप्तानं इथं बसून चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचं, आणि कुठल्या खुणेवरून माणूस ओळखला ते लिहून द्यायचं. ओळख पटली म्हणजे तो चेहरा दिसल्यासारखाच. मग काढता येतं." ताई म्हणाली, "न पाहताच सांगते. माझे वडील आहेत." राव म्हणाले, "ताई, रोज दहा जण येतात असं म्हणत. आमचा आप्त आहे, काढा. आणि निम्मे मारणाऱ्यांच्या बाजूचे असतात. म्हणून तर काकांनी ही अट घातली." ताई पाहणीदाराच्या बैठकीवर जाऊन बसली. डोळ्यांवर ठेवावयास हात नव्हता. मग म्हणाली, "लावा."

चित्र दोन पळांचे होते. पंत पाठमोरे पडले होते, मुख पलीकडे. पिशवी फाटून आवळे रस्त्यावर घरंगळत होते. भोवती पाय दिसत होते, वहाणा, जोडे, एक पैंजण. एक पुरुष म्हणत होता, "जरा बाजूला व्हा हो, दिसत नाहीये." एका जोड्याखाली आवळा आला आणि चिरडला. एका बाईचा आवाज आला, "अरे पाणी आणा कोणीतरी! मेल्यांनो, काय बघताय?" आणि ती फुलवाली खाली बसली आणि आवळे गोळा करून पिशवीत घालू लागली, कारण तेवढेच तिला करता येत होते. त्या सर्वांत तिचेच हात आरशावाचून होते. मग चित्र धरणारा मुख दिसावे म्हणून वळसा घालून पलीकडे जाऊ लागला. तेव्हा पंतांचा डावा हात हलला. हाताने उपरण्याचे टोक चाचपले, धरिले, आणि सावकाश तोंडावरून ओढून घेतले. आणि हात तेथेच ठेविला, जैसा लेकराच्या डोळ्यांवर ठेवावा तैसा. चित्र संपेतो हात तेथेच होता.

राव बाहेर पाहत म्हणाले, "ताई, एक सांगू का? मला रोज छळतंय म्हणून सांगतो. काकांना कलम पाठ होतं. तोंड उघडं ठेवलं असतं तर मी तासाभरात चित्र काढलं असतं. झाकलं म्हणजे राहणार, हे त्यांना ठाऊक होतं." ताई म्हणाली, "म्हणजे ते राहावं असं त्यांना वाटत होतं?" राव म्हणाले, "ते मला काय ठाऊक. बघणाऱ्यांना त्रास नको म्हणून झाकलं असेल. तुम्हां घरच्यांना नको म्हणून असेल. की लोक कसे नुसते उभे होते ते सगळ्यांनी बघावं, असं असेल. तोंड झाकलेल्या माणसाला काय विचारणार?" ताईने कागद पुढे ओढिला. बापाने मरता मरता दिलेला हा शेवटचा निवाडा असेल तर तो आपण मोडीत आहो, हे तिला कळत होते. आणि घरी आई आहे, हेही कळत होते. मग तिने खुणेच्या जागी लिहिले, "डावा हात", आणि खाली सही केली, आणि रावांनी चित्र पुसिले.

परंतु दप्तराने पुसिले म्हणून प्रजेने पाहिलेले पुसले जात नाही, हे तिच्या ध्यानी आले नव्हते. तेराव्या दिवशी जेवणे उरकली, सोयरे बहुतेक गेले, ताईस प्रथमच जरा श्वास आला, आणि शेजारच्या गोदूमावशी भागीरथीबाईंचा हात धरून म्हणाल्या, "काही म्हणा वहिनी, शेवटपर्यंत मानी माणूस. कसं उपरणं ओढून घेतलंन तोंडावर!" आणि बोलून जीभ चाविली, आणि "येत्ये हो" म्हणून चपला उलट्या घालून निघाल्या. घरात मायलेकी दोघीच उरल्या. बाईंनी दाराची कडी लाविली. मग म्हणाल्या, "ठके, आरसा तांदळात आहे ना?" ताईने धान्याच्या डब्याकडे पाहिले. "परवा भात टाकताना हाताला लागला. परत पुरला मी. म्हटलं, लेकीनं लपवलंय ते बघण्यासारखं नसेल. तू पाहिलंस?" ताई म्हणाली, "पाहिलं." "सगळं?" "सगळं." "मग तू सांग. मला बघायचं नाही. मी डोळे मिटते."

आणि बाईंनी डोळे मिटिले, आणि ताई सांगू लागली. गाडा सांगितला, पडणे सांगितले, लोक उभे होते ते सांगितले, पाणी कोणी आणिले नाही तेही सांगितले. बाईंच्या पापण्या थरथरत होत्या, परंतु उघडल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "आवळे घेतले होते?" ताई म्हणाली, "घेतले होते." "सांडले असतील." "सांडले. एका फुलवालीनं वेचले, एकेक करून." "बरी गं माझी बाई ती," ऐसे बाई म्हणाल्या, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग ताईने उपरण्याचे सांगितले, आणि हात तेथेच राहिला ते सांगितले. मग थांबली. बाई म्हणाल्या, "झालं?" ताई म्हणाली, "झालं, आई." तेव्हा बाईंनी डोळे उघडिले, पदराने पुसिले, आणि म्हणाल्या, "पिशवी कुठंय?" ताई म्हणाली, "माळ्यावर. त्यांच्याबरोबरच आली होती, मी ठेवली." बाई म्हणाल्या, "काढ. सुकले असतील आता. मोरावळा नाही व्हायचा. आवळासुपारी करू."

तात्पर्य, चौकात ऐसे जाहले. अंताजीपंत मरता मरता काय ठरवून गेले याचा उलगडा जाहला नाही, होणारही नाही. त्यांचे चित्र पुसविले, म्हणून जे चित्रात होते ते अक्षरांत मांडिले आहे, की प्रसंग सर्वांचा आहे तो सर्वांपाशी राहावा. यात जी नावे आली ती खरी नव्हेत. राज्याचे नाव घातले नाही, चौक कोणता ते सांगितले नाही. चौदाव्या कलमाप्रमाणे लिहिणारीने चेहरा झाकिला आहे. वाचणाराने डोळे उघडावे. झाले.