गुणाजी मेला तो कडा

पाहुण्यांना स्वतःची ओळख करून देताना गुणाजी म्हणायचा, "मी गुणाजी. हितं मेलो."

पाहुणा आधी एक पाऊल मागे सरायचा, मग हळूच गुणाजीचे पाय बघायचा. ते उलटे नाहीत अशी खात्री पटली की मग हसायचा.

मुळशी धरणाच्या काठी मी मास्तर म्हणून गेलो, त्याच्या आदल्या वर्षी तिथे एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. सासुरवासाला कंटाळून नायिका कड्यावरून पाण्यात जीव देते, असा प्रसंग होता. नटी काही कड्याजवळ फिरकेना. शेवटी मेंढरं राखणाऱ्या, पोहण्यात पटाईत गुणाजीच्या मिशा उतरवल्या, त्याला लुगडं नेसवलं आणि त्याच्याकडून उडी मारून घेतली. सिनेमा चालला. सुट्टी लागली की पुण्यामुंबईची कुटुंबं डबे बांधून तो कडा बघायला येऊ लागली. वाट दाखवायला गुणाजी हजर. पैसे मात्र घ्यायचा नाही. "मेल्याला पैसं कशाला?"

एका मे महिन्यात माझी ताई, भावोजी आणि त्यांची दोन मुलं आली. ताई तो सिनेमा बघून दोन रुमाल भिजवून आली होती. नायिका उभी होती तिथेच उभं राहून तिला फोटो काढून घ्यायचा होता.

गुणाजीचा कायदा कडक. कड्यापासून चांगलं लांब त्याने सगळ्यांना थांबवलं, चपला काढायला लावल्या, एकमेकांचे हात धरायला लावले. "उभं ऱ्हायचं न्हाई. बूड टेकवून सरकत म्होरं चला."

भावोजींना हा अपमान वाटला. "अहो, आम्ही सिंहगड चढलोय."

"चढायचं कोन म्हनतंय? मी पडायचं बोलतोय."

मग त्याने मरणाची गोष्ट सुरू केली. "सिनेमात तवा गानं वाजतंया. मला कुटलं गानं? लुगडं पायात गुतलं. नाकात पानी, कानात पानी. आई म्हनाया तोंड उघडलं तर तोंडात पानी. खाली खडक हाय. यो खांदा अजून वर जात न्हाई."

धाकटा रडायला लागला. वारा सुटला होता, खालचं पाणी काळं दिसत होतं. तेवढ्यात ताई फोटोसाठी उठली. तिच्या पायाखालचा एक दगड सुटला आणि गडगडत खाली गेला. गुणाजीने झडप घालून तिचं मनगट धरलं. ताई खाली बसली तरी तो हात सोडेना.

"मुलांना कशाला घाबरवता?" भावोजी चिडले. "चांगलं काहीतरी सांगा."

गुणाजीने आवाज आणखी चढवला. "लई लागतं. जीव जाईस्तवर लागतं."

स्वारी रंगात आली आहे, असं मला वाटलं. पण तो आमच्याकडे बघतच नव्हता. मागे करवंदीच्या जाळीपाशी एक तरणी बाई आमच्याकडे पाठ करून मेंढरांत बसली होती. त्याचं सगळं बोलणं तिच्या पाठीला उद्देशून चाललं होतं.

उतरताना मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"ल्येक माजी. पल्याडच्या काठाला दिली हुती. पौडच्या जत्रेत तंबूत त्यो शिनेमा लागला, तवा घेऊन गेलो. माजं सोंग बघून समदी हसली. ती न्हाई हसली. येताना वाटंत इचारलं, आबा, पडताना लागतं का?"

माझी नजर करवंदीच्या जाळीकडे गेली.

"मंग तिला सासरी धाडली न्हाई. लोकं बोलत्यात, बोलू द्या. पर घरात बसून बापानं ल्येकीला असलं कसं सांगावं, मास्तर? जीभ रेटत न्हाई. म्हून पावन्यास्नी सांगतो. ती ऐकती."

"ऐकते ना?"

"काय म्हाईत. पाठ करून बसती." त्याने मागे वळून मेंढरं पाहिली, तिला पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पुढल्या ऐतवारी कुनी पावनं येनार हायेत का वो?"

माझ्याकडे कुणीही यायचं नव्हतं. मी हो म्हटलं. घरी गेलो आणि पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहायला बसलो. ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांनासुद्धा.